टँकरसाठी एक भांडण हवं होतं

मागच्या मंगळवारी संध्याकाळी मी टीव्हीवर आले... भांडताना. तेव्हापासून आमच्या टेमघरपासून धामणकर नाक्यापर्यंत जो भेटेल तो विचारतोय. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकते.

यंदा पाऊस किती लांबलाय ते तुम्हीही बघताय. मोठ्या चॅनेलवर रोज कुठल्यातरी धरणाचा भेगाळलेला तळ आणि त्यावर उभा राहून घाम पुसणारा बातमीदार. आमच्या बिल्डिंगच्या नळाला तर दोन महिने नुसती हवा येतेय. एक दिवसाआड येणारा टँकर, तेवढाच आधार.

पहिल्या टँकरला दोन हंडे चेपले आणि एकीच्या बांगड्या फुटल्या. दुसऱ्याच्या आधी मी वहीचे कागद फाडून नंबर तयार केले. तळमजल्यापासून वर, फ्लॅटच्या क्रमाने, घरटी चार हंडे. मी शाळेत शिकवायचे म्हणून सगळे मला अजून बाईच म्हणतात, आणि ऐकतात. सोळा बिऱ्हाडं, पण चकार शब्द नाही... मला त्याचा अभिमान होता.

मग टँकर दिवसाआडचा चौथ्या दिवसावर गेला. मी पाण्याच्या ऑफिसात जाऊन थडकले. तिथल्या माणसाने शांतपणे समजावलं की नाक्याजवळच्या एका गल्लीत बायकांची झोंबाझोंबी झाली, ती केबलच्या बातम्यांत दिसली, म्हणून आमच्या खेपा तिकडे वळवल्यात.

"तुमच्याकडे काय टेन्शन नाय मॅडम. तुमच्याकडे शांतता आहे."

शांततेची अशी शिक्षा मी आजवर पाहिली नव्हती. घरी येऊन त्याच केबल चॅनेलला फोन लावला.

मंगळवारी टँकरच्या वेळेला बातमीदार आला. सोबत कॅमेरावाला, हातात थर्माकोलचा ठोकळा लावलेला माईक. मी दीड पानांचं निवेदन लिहून ठेवलं होतं. त्याने ते न वाचता खिशात घातलं आणि रांगेकडे बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, एवढी सरळ लाईन मी मतदानालापण बघितली नाय. हे दाखवून काय करू?"

त्याला थोडी ओढाओढी हवी होती. फार नाही, मिनिटभराची. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या...

मी विचार केला. चौथ्या मजल्यावरच्या कमलवहिनींची लेक बाळंतपणाला आलेली, घरात वीस दिवसांचं बाळ. चार दिवसांतून एकदा मिळणाऱ्या चार हंड्यांत त्या घराचं कसं भागायचं? म्हटलं ठीक आहे, पण हंडा चेपता कामा नये. शबानाभाभी हंडा ओढतील, कमलवहिनी सोडणार नाहीत. अशी मी भूमिकांचीसुद्धा वाटणी करून दिली.

पहिल्यांदा शबानाभाभींनी हंडा ओढला आणि लगेच विचारलं, "लगा तो नहीं?" दुसऱ्यांदा अख्खी रांग हसायला लागली. तिसऱ्यांदा कमलवहिनींनी हंडा सरळ देऊनच टाकला. बातमीदार घड्याळ बघायला लागला, टँकर निम्मा रिकामा झाला, आणि माझा पारा चढला. मी ओरडले, जरा मनापासून भांडा की!

कमलवहिनींनी हंडा खाली ठेवला.

"मनापासून सांगू, बाई? नंबर तुमी लावलात. तुमचा नंबर पयला. आमचा शेवटचा. टाकी सरत आली की तळाचा गाळ आमच्या हंड्यात येतो. माझी लेक बाळंतीन हाय, तिला त्या पान्यानं न्हाऊ घालते मी."

मी म्हटलं, मग दोन महिने बोलला का नाहीत?

"कवा बोलू? रांगेत बोलायचं न्हाय, हा कायदा कोनाचा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मीही सुटले. नंबर नसते तर डोकी फुटली असती, मला काय हौस आहे का, इथपासून जे सुरू झालं... गच्चीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा विषय टँकरच्या भांडणात कसा आला, ते मला आजही सांगता येणार नाही. शबानाभाभी मध्ये पडून "बस, हो गया, कॅमेरा बंद करो" म्हणत होत्या. बातमीदाराचा चेहरा मात्र दिवाळीसारखा उजळला होता.

संध्याकाळी बातमी लागली. 'पाण्यावरून टेमघर पेटलं'... आणि पडद्यावर माझं रोखलेलं बोट. तीनदा दाखवलं. डोंबिवलीच्या बहिणीने फोन करून फक्त एवढंच विचारलं, तब्येत बरी आहे ना?

बुधवारी सकाळी टँकर हजर. ऑफिसातला तो माणूस स्वतः आला होता. म्हणे, मॅडम, असं आधीच करायचं ना.

मी रात्रीच नवे नंबर लिहिले होते, चौथ्या मजल्यापासून खाली. कमलवहिनींनी आपला कागद घेतला. स्वच्छ पाण्याचे चार हंडे वर गेले. मी सोळावी. माझ्या शेवटच्या हंड्यात पाणी आलं ते तांबूस, आणि तळाला बोटभर गाळ.

वहिनी पुन्हा खाली आल्या, हातात जुन्या लुगड्याचं फडकं. माझ्या हंड्यावर धरत म्हणाल्या, "चार घड्या करा, बाई. दोन घड्यांतून न्हाय थांबत तो."

म्हणजे दोन महिन्यांत त्यांनी तेवढं शोधून काढलं होतं.

आता नंबर दर टँकरला फिरता ठेवलाय, आणि रांगेत बोलायला परवानगी आहे. फार बोलतात. टँकर टीव्हीने आणला हे कबूल... पण ते फडकं बातमीत नव्हतं, म्हणून ही पोस्ट. वहिनी, मनापासून आभार.