कवळी घालून म्हटलेली कविता

मंडळी, महिन्यापूर्वी कवळी बसवली आणि माझं कविता म्हणणं थांबलं. ‘स’ आला की शिट्टी वाजायची. मग कवळी डबीत आणि मी गप्प.

आज नववीतली नात जुई ठाकुर्लीच्या सायबर कॅफेतून धावतच आली. "आजोबा, इंटरनेटवर सापडलं! नवी कवळी घालून रोज मोठ्याने वाचायचं. जिभेला सवय होते."

"अगं, लोक हसतील."

"इथे मीच आहे ना? घाला बघू!"

तिने आपलं मराठीचं पुस्तक पुढे धरलं. पहिल्याच कडव्यात पाच शिट्ट्या. जुईने हसू गिळलं आणि ती म्हणाली, "पुन्हा." तिला बाराखडी शिकवताना मी म्हणायचो, अगदी तसं.

तिसऱ्या वेळी दोनच वाजल्या. तुम्हाला इतक्यात कुणी असं ‘पुन्हा’ म्हणालंय का हो?