सुरमईशेजारी टायर

सुरमई काढायला फ्रीझर उघडला, तर माशाच्या पिशवीला टेकून काळ्या रबराची वीतभर पट्टी. आमचा फ्रीझर एरवीही गच्च भरलेला. घरचं झालं थोडं, त्यात हे व्याह्यांनी धाडलेलं घोडं! मी तिथूनच ओरडले, "अहो, माशात टायर कोणी ठेवलान?"

"राहू दे गो," हे बाहेरून म्हणाले. "उद्यापर्यंत राहू दे."

जेद्दाला अझीझियात यांचं बनशर आहे. टायर बदलण्याच्या दुकानाला इथे सगळे बनशरच म्हणतात. नाव कफीलचं, म्हणजे ज्याच्या जामिनावर इथे राहायचं त्या अरबाचं, आणि अठ्ठावीस वर्षांचा घाम यांचा. आमची एकुलती एक मुलगी इथेच वाढली, फार्मसी शिकली आणि नोकरीला कॅनडात गेली. दहा वर्षांची असल्यापासून बापाच्या इकाम्याचे, इथे राहायच्या परवान्याचे, फॉर्म तीच भरायची, बँकेत काय बोलायचं तेही तीच शिकवून पाठवायची. हे तिला काही सांगू शकतील अशी दुनियेत एकच गोष्ट होती, ती म्हणजे टायर.

जूनमध्ये तिने तिकडे एक जुनी, छोटी पण पळणारी गाडी घेतली. टायर झिजलेले होते. यांनी व्हिडिओ कॉलवर तपासणी केली. "कॅमेरा खाली घे. अजून खाली." तिथला दुकानदार बारमाही चालणारे साधे टायर सुचवत होता. यांनी ते उडवून लावले. इथल्या महागड्या वेगवान गाड्यांना हे जे बसवतात तेच घ्यायला लावले: रुंद, कमी खाचांचे, रस्त्याला चिकटून धावणारे. "टायरात कंजुषी करू नको बेटा." दुकानदाराने तिला पुन्हा विचारलं, नक्की हेच? तर ही म्हणाली, माझे अब्बा टायरवाले आहेत. तिचं हे बोलणं मी यांना सांगितलं, त्या संध्याकाळी यांनी चहा दोनदा मागून घेतला.

नोव्हेंबरात दुकानावर एक लेबनानी गिऱ्हाईक आलं. त्याची बरीच वर्षं थंड मुलखात गेलेली. बोलता बोलता मुलीचा विषय निघाला, टायरचा निघाला, आणि तो म्हणाला, "ते टायर? बर्फात? खलास." यांनी हसून सोडून दिलं. पण घरी येताना तसल्याच एका मोडीत काढलेल्या टायरच्या वरच्या रबराच्या दोन पट्ट्या कापून आणल्या. एक ओट्यावर ठेवली, दुसरी माझ्या सुरमईशेजारी.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. ओट्यावरची पट्टी दोन बोटांत सहज वाकली. फ्रीझरमधली लाकडासारखी ताठ. यांनी तिच्यावर अंगठा दाबला; टायर पारखायची ती यांची सवयच आहे. मग मासे धुवायच्या परातीत बर्फ पसरला, त्यावर पट्टी ठेवून जरा ढकलली. ती सुळकन गेली आणि परातीबाहेर पडली. मला हसूच आलं. मग यांचा चेहरा बघितला.

"हे रबर तापलेल्या रस्त्यासाठी असतं गो," हे मला गिऱ्हाइकाला समजवावं तसं सांगू लागले. "थंडीत बर्फ पडायच्या आधीच कडक होतं. आणि बर्फ धरायला बारीक चिरा लागतात, त्या याला नायत. वाळूत गाडी रुतली तर हवा कमी करून तरी काढता येते. तिथे तो इलाजपण नाय."

"मग फोन करा तिला."

"करतो," म्हणाले. आणि चार दिवस केला नाही. मोबाइलवर तिच्या गावचं हवामान मात्र सारखं बघत बसायचे. पाचव्या दिवशी तिथे मोठा बर्फ सांगितला होता. माझं तोंड सुटलं.

"पोरीच्या जिवापेक्षा तुमचं नाक मोठं काय?"

"नाक नाय गो." हे जमिनीकडे बघत होते. "बाकी सगळं ती मला शिकवते. एवढं एकच ती मला विचारते. तेच चुकलं, तर परत कशाला विचारील?"

मला माझ्याच जिभेची लाज वाटली. मी तिचा नंबर लावला आणि फोन यांच्या हातात दिला. दुपारचे तीन, म्हणजे तिकडे सकाळ.

"बेटा, गाडी काढू नको. ते टायर बर्फाचे नाहीत. मी चुकलो."

लग्नाला तीस वर्षं झाली, 'मी चुकलो' मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "अब्बा, मी तीन आठवडे बसनेच जातेय."

मग तिने सगळं सांगितलं. पहिल्या कडक थंडीत वळणावर तिने ब्रेक मारला, तर गाडी वळलीच नाही, सरळ फुटपाथला जाऊन टेकली. कोणाला लागलं नाही. दुकानदाराने थंडीचे टायर तिच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.

मी फोन हिसकावला. "मग घेतले का नाहीस?"

"अब्बांना विचारल्याशिवाय कसे घेऊ? आणि विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं ना. आय डिडंट नो हाऊ टू टेल हिम, अम्मी."

खाण तशी माती! तीन आठवडे माझी पोर त्या थंडीत बसस्टॉपवर उभी राहिली, आणि इकडे हा माणूस माझ्या माशांत टायर गोठवत बसला. दोघांच्या थोबाडीत द्यावी की दोघांना जवळ घ्यावं, मला कळेना. मी रडले, एवढं खरं.

त्या संध्याकाळी हे दुकानावर गेलेच नाहीत. मगरिबच्या नमाजानंतर तिचा व्हिडिओ कॉल आला. ती टायरच्या दुकानात उभी होती.

"कॅमेरा खाली घे," हे म्हणाले. "अजून खाली."

पडदाभर टायर आला. त्याच्यावर बारीक बारीक चिरांची दाटी. असला टायर यांनी आयुष्यात हातात घेतलेला नव्हता. हे डोळे बारीक करून बघत राहिले, आणि सवयीने अंगठा पुढे करून पडद्यावरच्या त्या रबरावर दाबला. फोन कट झाला.

आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर परत वाजला.

"अब्बा, कट का केलात? सांगा ना, घेऊ का हे?"