पुस्तकाप्रमाणे माल नाही

आमच्या दाजींएवढा सिनेमाचा शत्रू अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि तरी पहिल्या दिवशीचं तिकीट काढायला हाच माणूस पुढे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुप्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. ड्रॉइंगमध्ये दाखवलाय तसा नग नसला की बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. पगार आठ तासांचा, पण दाजी ही नोकरी दिवसभर करतात. बिस्किटाच्या पुड्यावरच्या चित्रात काजू दिसतो, मग आत का नाही, म्हणून केडगावच्या दुकानदाराशी त्यांनी इतका वाद घातला की शेवटी त्याने स्वतःच्या बरणीतला काजू काढून त्यांच्या हातावर ठेवला. लग्नाला गेले तर पत्रिका खिशात. मुहूर्त टळला की भर मांडवात घड्याळ दाखवणार. अक्षता टाकणार, पण लग्नाला नापास करून. अशा माणसाच्या हाती एक जाडजूड कादंबरी लागली आणि पुढं तिच्यावर सिनेमा निघाला, यात बिचाऱ्या दिग्दर्शकाचा काय दोष?

कादंबरी होती वारा मुठीत धरणाऱ्या एका मुलीची. बोलणारं खेचर, मिठाचे डोंगर, दुष्ट राणी, सगळा सरंजाम. माझी भाची मुक्ता लहान असताना दाजींनी तिला ती रोज थोडी थोडी वाचून दाखवली होती. आता मुक्ता अकरावीत. सावेडीच्या थिएटरात पिक्चर लागला, तेव्हा मुक्ता, तिच्या दोन मैत्रिणी, दाजी आणि मी असे गेलो. मैत्रिणींना न्यायची चूक मुक्ताची, मला न्यायची दाजींची. पडदा उजळला न उजळला तोच तपासणी सुरू. खेचर पांढरं कसं? पुस्तकात तर करडं आहे. किल्ल्याचं दार पूर्वेला हवं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वैतागून मागं बघायचे, तर दाजी त्यांनाही प्रकरण कितवं ते सांगायचे. तोपर्यंत ठीक होतं. पण जरा वेळाने त्या मुलीची आई तापाने गेली, आणि दाजी खुर्चीतून उठलेच.

“आईला कुठं मारता? आई शेवटपर्यंत हाय!”

डोअरकीपर बॅटरी घेऊन आला. मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या, आणि मुक्ता उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. घरी तिने अबोला धरला, आणि तो मोडला तो एवढंच सांगायला, की आता मीच पुस्तक वाचणार आणि कोण बरोबर ते ठरवणार. झालं! पुस्तकाचा एवढा कैवारी, पण त्याची गाळण उडाली. अक्षर बारीक आहे, डोळे जातील, परीक्षा तोंडावर आलीय, पानांना वाळवी लागलीय. मुक्ताने स्टूल घेतलं, कपाटावरून पुस्तक काढलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी मी गेलो तर दाजी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे. मी त्यांना चिडवायच्या तयारीतच होतो. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, “तिसऱ्याच प्रकरणात मरती रे ती आई. तुझी ताई तवा दवाखान्यात हुती. पोरगी मांडीवर बसल्याली. मला ते वाचून दाखवाया न्हाई जमलं.” म्हणून त्यांनी ती आई जगवली. पुढं ताई गेली, तरी पुस्तकातली जगवलीच. तिला भाकऱ्या थापायला लावल्या, दुष्ट राणीला दम द्यायला लावला, आणि बोलायला लावलं ते थेट ताईसारखं. आता पोरीला सगळं कळलं, तर ती बापाचा शब्द पुन्हा कधी खरा मानील का, याची त्यांना धास्ती. ताईच्या आठवणीने मला भडभडून आलं. चिडवायचं राहूनच गेलं.

खोलीचं दार उघडलं. मुक्ता पुस्तक घेऊन आली, डोळे सुजलेले.

“पप्पा, तुमचंच बरोबर. पिक्चरवाल्यांनी घोळ घातलाय,” ती म्हणाली, आणि शेवटचं प्रकरण उघडून तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. “यात आई काय म्हणते, ते परत वाचून दाखवा.”

दाजींनी चष्मा पुसला, घसा खाकरला, आणि त्या पानावर कुठंच नसलेली आमची ताई वाचायला लागले.