राहिलेला एक गोठा

खोऱ्यातल्या त्रेचाळीस गोठ्यांत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. लांबून दिसली की बायका म्हणत, “सुईताई आली गं, वासरं बांधा.” जनावरांच्या दवाखान्यात ती सव्वीस वर्षं नोकरीला होती. कालवडींना लस टोचायची, कानात बिल्ला मारायचा, आणि दर महिन्याला संकलन केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक गोठ्याच्या कॅनमधलं थोडं दूध बाटलीत भरून तपासायला पाठवायचं, हे तिचं काम.

गायी गाभडतात तो संसर्गाचा आजार खोऱ्यातून मुळासकट काढायचा, असा कार्यक्रम सात वर्षं चालला होता. नियम साधा होता. कॅनच्या दुधात आजार सापडला की त्या गोठ्यातल्या एकेका गायीचं रक्त तपासायचं. जिला लागण असेल ती गाय गाडीतून कायमची न्यायची. मग लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ आल्या की तो गोठा मोकळा.

बेचाळीस गोठे मोकळे झाले होते. राहिलेला एक तिच्या मामाचा होता.

आई लवकर गेली, तेव्हा मामा-मामींनीच तिला वाढवलं. धार कशी काढायची हे मामानेच तिच्या बोटांना शिकवलं. त्याच्या नऊ गायींचं दूध संकलन केंद्रावर जात नसे, घरात आणि ओळखीच्या चार घरांत संपे. त्यामुळे कॅनचा नमुना घ्यायची सोय नव्हती. रक्ताचं नाव काढलं की मामा म्हणे, “माझ्या गायी ठणठणीत आहेत. टोचायची एवढीच हौस असेल तर उशीला टोच.”

दुसरं कुणी असं बोललं असतं तर ती दारात ठाण मांडून बसली असती. इथे मात्र ती हसून परत येई. डॉक्टरांनी विचारलं, “मामांचं घोडं कुठे अडलंय?” की म्हणे, “बघते पुढच्या महिन्यात.” असे तीन वर्षांचे पुढचे महिने गेले.

मग एकदा मामाच्या शेजारणीच्या कॅनमधल्या दुधात पुन्हा आजार निघाला. मोकळा झालेला गोठा, आणि पहिलटकर कालवड सातव्या महिन्यात गाभडलेली. सुईताई वही घेऊन तिच्या ओट्यावर बसली.

“बाहेरून जनावर आणलंत?”

“नाही गं.” शेजारीण पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “तीन महिन्यांपूर्वी तुझ्या मामाची गाय कुंपणापाशी गाभडली. वार तिथेच पडली होती. माझी कालवड ती चाटत होती. तुझा मामा, म्हणून बोलले नाही.”

सुईताईने वही मिटली आणि तशीच कुंपणाला वळसा घालून मामाकडे गेली.

भर दुपारी मामी घोंगडी पांघरून बसली होती, मामा शेजारीच होता.

“काय होतंय, मामी?”

“संध्याकाळ झाली की ताप चढतो. सकाळी घामाने निथळते. कंबर तर मोडून येते. वय झालं, दुसरं काय.”

“कधीपासून?”

“होतील दोन महिने.”

“ती गाय गाभडली, तेव्हा हात कुणी घातला होता?”

मामीने मामाकडे पाहिलं. “मीच. यांना बघवत नाही.”

“आणि दूध तापवून पिता ना?”

“निरसंच पितो की, जन्मभर.”

सुईताई मामाकडे वळली. आवाज तिने चढवला नाही. “मामा, तीन वर्षं मी गप्प बसले, ती माझी चूक. तू रागावशील म्हणून भ्यायले. आता मामीला घेऊन इस्पितळात चाललेय. उद्या सकाळी नऊही गायींचं रक्त घेणार.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

उत्तर घोंगडीतून आलं. “टोचू द्या तिला. उशीला टोचून माझा ताप उतरायचा नाही.”

मामीला तोच आजार निघाला. दीड महिना दोन औषधं न चुकता घ्यायची होती. नऊपैकी चार गायींना लागण होती. त्यांत एक करडी गाय होती. तिची आई व्यायल्याबरोबर मेली, म्हणून मामाने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं.

गाडी आली त्या दिवशी मामाने गाडीवरच्या माणसाच्या हातातून करडीची दोरी काढून घेतली. “ती परक्याबरोबर चढायची नाही.” फळीवरून तो स्वतः तिला वर घेऊन गेला, तिच्या गळ्याखाली खाजवलं आणि खाली उतरला. मग सुईताईने सांगितलं होतं तसे जंतुनाशकात हात घालून खळखळून धुऊ लागला. तीही शेजारी हात धूत होती.

“लहान असतीस तर रडली असतीस,” मामा म्हणाला.

“आताही रडणार आहे. गाडी वळू दे.”

शेजारणीची कालवडही त्याच गाडीत गेली. चार दिवसांनी मामा कुंपणाशी उभा राहून खाकरला. “चूक माझी होती, वहिनी. गोठा मोकळा झाला की पहिली कालवड तुमची.”

“द्या,” शेजारीण म्हणाली, “पण लस टोचून आणि बिल्ला मारून.”

मधल्या काळात मामाने दोन्ही रानांच्या मध्ये दुसरं कुंपण घातलं, गायींची तोंडं एकमेकींना पोचू नयेत इतक्या अंतरावर. मामीचा ताप उतरला, कंबर मात्र बराच काळ कुरकुरत राहिली. दूध तापवायला लागल्यापासून चव गेली, अशी तिची रोजची तक्रार असे. पण दूध उकळून वर येईपर्यंत ती चुलीपासून हलत नसे.

दुसरी स्वच्छ तपासणी यायला चौदा महिने लागले. कागद घेऊन सुईताई स्वतः गेली. मामा गव्हाण झाडत होता. त्याने कागद हातभर लांब धरून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाला, “आता आलीच आहेस तर त्या दोन वासरांनाही टोचून जा. मी डोकं धरतो.”