दीड ग्रॅमची देवी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, भंगाराच्या आवारात वजनकाट्यावर होते. एकतीस वर्षं. आवारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. मी नळ बनवण्याच्या कारखान्यात बफिंगला होतो. अडतीस वर्षं. ओतून आलेला पितळी नळ काळा आणि खडबडीत असतो. तो आधी एमरीच्या खरखरीत पट्ट्यावर, मग फिरत्या कापडी चाकावर धरायचा, त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. दिवसाला दोनशे दहा नळ. एकही परत आला नाही असं म्हणणार नाही. नऊ आले. नऊही मला आठवतात.

दाजींचं सांगायचं तर आधी त्यांचा काटा सांगायला हवा. आवार उघडायच्या अर्धा तास आधी ते पोचत. काट्याचं ताट झाडून घेत. मग वीस किलोचं प्रमाण वजन उचलून चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवून बघत. एखाद्या कोपऱ्यावर आकडा वेगळा आला तर दुरुस्त होईपर्यंत गाडी चढू देत नसत. मालक ओरडो, ड्रायव्हर भोंगा वाजवो. वजन वहीत शाईने लिहीत. चुकलं तर खोडरबर नाही, गिरवागिरव नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, चुकीचं कारण आणि सही. "चूक झाकली की एकाच्या दोन होतात," म्हणत.

एकदा मालकाने त्यांना हळूच सांगितलं, माल विकायला आलेल्या गाडीचं मागचं चाक काट्याबाहेर राहू द्या, वजन कमी भरेल. दाजींनी ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला लावली आणि पुरं वजन लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मागच्या शेडमधल्या छोट्या काट्यावर बसवलं, तांबं-पितळ तोलायला. शेडला खिडकी नव्हती. तिथे सहा वर्षं काढली. घरी बोलले नाहीत. मला एका हमालाकडून कळलं. विचारलं तर म्हणाले, "तिथे सावली असते."

त्या शेडमध्येच पहिली देवी सापडली. पितळेच्या भुग्याच्या पिंपात एक गोल, काळा तुकडा होता. दाजींनी भिंगातून पाहिलं. उभी बाई. एका हातात फळांनी भरलेलं शिंग, दुसऱ्या हातात तराजू. त्यांनी तो मालकाला दाखवला, तोलला, भंगाराच्या भावाने पैसे भरून पावती फाडली आणि मग घरी आणला. मालक म्हणाला, "अहो, खिशात टाकला असता तर कळलं असतं का कुणाला?"

"काट्याला," दाजी म्हणाले.

जुन्या वस्तू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, हे रोमन नाणं आहे, अठराशे वर्षांपूर्वीचं. ही बाई म्हणजे रास्त मापाची देवी. नाण्याचं वजन खरं आहे, फसवणूक नाही, हे लोकांना पटावं म्हणून तिला नाण्यावर उभी करत. दाजी त्या दिवशी चालत घरी आले. दोन थांबे पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बस घ्यायची राहिली.

पुढच्या बावीस वर्षांत त्यांनी तिची दहा नाणी आणखी जमवली. सगळी त्या म्हाताऱ्याकडून, पावतीसह. दुसरी कुठली देवी घेतली नाही. पंखवाली स्वस्तात मिळत होती, नको म्हणाले. दर नाण्याला जाड खाकी कागदाची पुडी, पुडीवर ग्रॅममध्ये वजन, दोन दशांशांपर्यंत, तारीख, सही. लाकडी पेटी त्यांनी स्वतः केली. सांधे मी तपासले. बरे होते.

रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला असायचो. जेवणानंतर पेटी निघायची.

"मागच्या बाजूला हा कोण?" मी एकदा विचारलं.

"साहेब. बादशहा असेल कुणीतरी. दर नाण्यावर वेगळा. साहेब बदलतात, काट्यावर हीच."

ताई आतून म्हणायची, "अकरा सवती आणून बसवल्यात. एकीचाही स्वयंपाकाला हात लागत नाही!"

"पण एकीनेही आजवर उलट उत्तर दिलं नाही," दाजी म्हणायचे. मग ताई उलथनं घेऊन दारात यायची, आणि आम्ही सगळे हसायचो.

मी म्हणायचो, "दाजी, तोंडं किती काळी हो यांची. द्या माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत अकराच्या अकरा लख्ख करून आणतो."

"नाही मेहुणेबुवा. घासायचं नसतं."

"का?"

"तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. धातूच इतक्या वर्षांत तसा झालाय. नक्षी त्या थरात असते. थर गेला की ती गेली."

हे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. सांगितलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला ऐकायचंच नव्हतं. मळ म्हणजे आळस, हे मी अडतीस वर्षं नवशिक्यांना शिकवलं. नळाच्या खाचेत काळं राहिलं तर मी नळ परत त्यांच्या हातात द्यायचो. भिंगातून बघत बसणाऱ्या माणसाने चमक आणायची मेहनत टाळावी आणि वर तत्त्व सांगावं, याला मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

त्या अकरा नाण्यांत एक उणीव होती. तराजू नेमका झिजलेला. कुठे एकच पारडं, कुठे नुसती दांडी. दाजींना दोन्ही पारडी दिसणारी एक हवी होती. शहराच्या संग्रहालयात नाणी सांभाळणाऱ्या बाई आहेत. दाजींनी त्यांना पत्र लिहिलं होतं. बाई घरी येऊन अकरा नाणी बघून गेल्या. म्हणाल्या, एकाच देवीची अशी रांग आमच्याकडेही नाही. तराजू नीट दिसणारं एक मिळालं तर ते मधे ठेवून काचेची पेटी मांडू. खाली तुमचं नाव आणि काम लिहू.

नाव आणि काम. त्या रात्री ताईने मला फोन करून सांगितलं, "आज दोनदा जेवले." सहा वर्षं बिनखिडकीच्या शेडमध्ये बसलेला माणूस. त्याचं काम आजवर कुणी काचेत ठेवलं नव्हतं.

बारावं नाणं यायला आणखी तीन वर्षं लागली. तोवर दाजी निवृत्त झाले होते. मोठं, जाड, काशाचं. हिरवट काळं. भिंगाखाली दोन्ही पारडी, त्यांच्या दोऱ्यासुद्धा. वजन २४.६०. बाईंनी सोमवारी बोलावलं.

त्याच आठवड्यात दाजींच्या घराला रंग द्यायचं काम निघालं. गुरुवारी ते पेटी माझ्याकडे ठेवायला आले. "चार दिवस सांभाळा. उघडू नका म्हणत नाही. हात धुऊन उघडा."

शनिवारी मी बारावी पुडी डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेली. बायकोला सांगितलं नाही. मनात एकच. लोक काचेतून बघणार, खाली दाजींचं नाव असणार, आणि ही अशी काळी? साहेबांसमोर कुणी धुळीच्या कपड्यांत उभं राहतं का? दाजींनी माझ्या मुलीच्या शाळेसाठी, माझ्या दवाखान्याच्या खर्चासाठी फार केलं होतं. मला परत करता येण्यासारखं एकच होतं. माझ्या हातात होतं ते.

सुट्टीच्या भोंग्यानंतर मशीन लावलं. आधी तारेचा ब्रश, मग बारीक एमरी, मग कापडी चाकाला पॉलिशची तांबडी वडी लावून. नाणं लहान, पकडीत धरता येत नाही, म्हणून बोटांनी धरलं. दर मिनिटाला पाण्यात बुडवायचं, नाहीतर बोटं पोळतात. तरी पोळली. चाळीस मिनिटं. मधे मी थांबून बघितलं होतं. नाक गेलं तेव्हा मला वाटलं, मातीच होती. दोऱ्या गेल्या तेव्हा वाटलं, खालून अजून स्वच्छ निघतील. शेवटी पांढऱ्या भुकटीने पुसलं. नाण्यात माझं तोंड दिसलं.

काम चोख झालं होतं. कुठे ओरखडा नाही, कुठे लाट नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मी ते खिडकीशी धरून दोनदा फिरवून बघितलं आणि खूश झालो. या वेळी दाजी एकदा तरी वा म्हणतील, असं वाटलं.

रविवारी दुपारी दाजी आले. मीच पुढे होऊन पुडी उघडली. "बघा."

त्यांनी नाणं उलटलं, पुन्हा सुलटलं. देवीच्या जागी एक उभा फुगवटा होता. तराजूच्या जागी दोन खळगे, तेही माहीत असेल त्यालाच दिसणारे. दाजींनी खिशातून आपला छोटा काटा काढला, टेबलावर ठेवला, शून्य बघितलं, नाणं ठेवलं.

"तेवीस दहा," ते म्हणाले. मग पुडीवरचा आकडा वाचून म्हणाले, "दीड ग्रॅम."

"मळ होता दाजी, तो..."

"तेवढीच होती ती."

तेव्हा मला कळलं. बायको चहा घेऊन आली. दाजींनी चहा पूर्ण प्यायला, कप बशीत सरळ ठेवला. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि बोटांवरचे फोड बघितले.

"चाकावर बोटांनी धरलंत?"

"हो."

"फार दुखलं असेल."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उलट बोललो असतो, भांडण झालं असतं, मिटलं असतं. ते पेटी घेऊन गेले. सोमवारी संग्रहालयात गेले नाहीत. नाणं दाखवण्याच्या स्थितीत नाही, एवढंच बाईंना कळवलं. बाईंनी फोन करून सांगितलं, अकराच मांडू. दाजी म्हणाले, तराजूच दिसत नाही तर कशाला.

रविवारचं जेवण चालू राहिलं. ताई सवतींवरून बोलायची थांबली. पेटी माझ्यासमोर पुन्हा निघाली नाही. मी कधी माफी मागितली नाही. आज मागू, पुढच्या रविवारी मागू असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली, आणि दाजी गेले.

महिन्याभराने ताईने पेटी माझ्या हातात दिली. "तुला द्यावी असं काही ते म्हणाले नव्हते. पण मला यातलं कळत नाही, आणि तुला कळायला उशीर झाला. त्या बाईंना नेऊन दे."

घरी आल्यावर हात धुतले आणि बारावी पुडी बघितली. २४.६० वर एक रेघ. शेजारी २३.१०. खाली कारण: "झीज. माझ्या हातून." सही.

एकतीस वर्षं वहीत एक खोटा आकडा लिहिला नाही म्हणून जो माणूस अंधारात बसला, त्याने एक खोटा शब्द लिहून ठेवला होता. तो माझ्यासाठी.

संग्रहालयातल्या बाईंचे केस आता पिकलेत. त्यांनी हातमोजे घालून एकेक पुडी उघडली, वजनं वाचली. म्हणाल्या, "नोंदी किती नेटक्या आहेत. अकरा आम्ही मांडू, पुड्यांसकट. बारावं मांडता येणार नाही, आत ठेवू." मग बाराव्या पुडीवरचं वाचून म्हणाल्या, "एवढा जपणारा माणूस. त्यांच्या हातून कसं झालं हे?"

"त्यांच्या हातून नाही झालं. माझ्या हातून झालं. पेन देता?"

"अहो, जुन्या कागदावर काही लिहू नका!"

"म्हणूनच विचारतोय. मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

मग मी त्यांना दाजींची पद्धत सांगितली. एक रेघ, शेजारी खरं, सही. बाईंनी पुडी माझ्याकडे सरकवली आणि पेन दिलं.

'माझ्या' या शब्दावर मी एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'मेहुण्याच्या'. तारीख घातली, सही केली. रेघ सरळ आली नाही. पण खालचं 'माझ्या' वाचता येतं.