रिकाम्या गावातलं भाषण

शेतमजुरांना किमान वेतनाचा कायदा समजावायला मी सुरगाण्याकडच्या ज्या गावात गेलो, त्या गावात तेव्हा शेतमजूरच नव्हते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नाशकात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे एक सर शनिवारी जादा तास घ्यायचे. कलम पाठ करून भागत नाही. ते कुणी करवून घेतलं, कुणासाठी, आणि कुणापर्यंत पोचलंच नाही, हे बघा, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांना त्यात राजकारणाचा वास यायचा. त्यांनी बजावलं, लोकांत एक शिबिर घ्या. लोक आले तर तास राहील, नाहीतर बंद. शिबिराची जबाबदारी मी हात वर करून घेतली. आपल्या घशावर माझा फार विश्वास.

दिवाळीनंतर हवा छान असते म्हणून तेव्हाचा दिवस धरला. जीपवर कर्णा बांधून पोचलो, तर बहुतेक दारांना कड्या. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, भात कापून झालं, सगळी जगायला गेली. कुठे? तर नाशिककडे, द्राक्षबागांत. म्हणजे माझे श्रोते माझ्याच शहरात येऊन राहिले होते. तरी पाठ केलेलं वाया जाऊ नये म्हणून मी भाषण पूर्ण केलं. म्हातारा शेवटपर्यंत थांबला. मी त्याच्याच खाटेवर उभा होतो.

सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. तास बंद पडू द्यायचा नाही, एवढं ठरवून मी प्राचार्यांकडून आणखी एक संधी मागून घेतली. पेठ रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत या मजुरांच्या चुली पेटत. रोज संध्याकाळी तिथे जायला लागलो. मुकादमाचा माणूस समजून आधी कुणी बोलेना. मी जात राहिलो. अखेर बैठक ठरली. सरांना घेऊन प्राचार्य जातीनं बघायला आले, आणि लोकही आले. भाकरी थापता थापता बायका ऐकत होत्या. मी सरकारी दर सांगितला.

एका वयस्कर बाईनं विचारलं, "सकाळी आम्हाला न्यायला टेंपो येतो, तवा हा कायदा येतो का?"

मी म्हणालो, कायद्याचं माहीत नाही, उद्या मी येतो. आणि तिथे काय काय बोलेन ते सविस्तर ऐकवू लागलो. माझ्यामागे उभे असलेले प्राचार्य सरांना हळूच म्हणाले, शनिवारचा तास चालू द्या. ते ऐकून मला आणखीच चेव आला.

बाईनं भाकरी उलटली.

"ये पोरा. पण नुसता उभा राहा. तुझं बोलणं सरेपर्यंत टेंपो दुसऱ्यांना भरून जाईल."