एकाच खड्ड्यातलं बकल

एमरी शिफ्लेटच्या स्वयंपाकघरात खुर्च्या दोन होत्या. एकीवर तो बसायचा आणि दुसरीवर काचेची पेटी. पेटीत अमेरिकेतल्या जुन्या यादवी लढाईतल्या शिपायांच्या कमरपट्ट्यांची बकलं होती, पितळेची, मातीनं हिरवी पडलेली. बायको ओहायोला बहिणीकडे गेली ती "थंडी सरली की येते" म्हणून. थंड्या कितीक सरल्या. त्याबद्दल एमरी चकार शब्द काढत नसे. बकलांबद्दल मात्र एकदा विचारून बघा, तुमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

जन्मभर त्यानं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि दर शनिवारी वेंडेल क्रॉपबरोबर जमीन उकरली. वेंडेल सुतार होता, बोलका आणि भयंकर हट्टी. हट्टात एमरीही काही मागे नव्हता. स्टॅफर्डच्या रानात लढाईच्या हिवाळ्यात फौजा मुक्कामाला होत्या. शिपायांनी खड्डे खणून त्यांवर खोपटी उभारली होती. त्या खड्ड्यांवरून धातू हुडकणारा डिटेक्टर फिरवायचा, तो किणकिणला की खोरं घालायचं आणि दुपारी झाडाखाली हॅम घातलेली, पावासारखी मऊ बिस्किटं खायची. दोघांना याहून जास्त काही नको होतं.

मग ते बकल निघालं. दोन भागांचं होतं, बाहेर पानांचं कडं आणि आत अडकणारी गरुडाची चकती. सकाळी वेंडेलच्या खोऱ्याला कडं लागलं, आणि जेवणानंतर त्याच खड्ड्यात एमरीला चकती.

"चकती दे इकडे," वेंडेल म्हणाला.

"तू कडं दे."

"कडं आधी निघालंय. आधी घर बांधतात, मग माणूस राहायला येतो."

"माणूसच नसला तर रिकामं घर काय चाटायचंय?"

हसण्यावारी गेलेलं बोलणं बघता बघता चिडीवर गेलं. संध्याकाळी दोघं आपापल्या गाडीत बसून गेले, आणि पुढच्या शनिवारी कुणीच कुणाच्या दारात हॉर्न वाजवला नाही.

खरं तर निकाल एका मिनिटाचा होता. त्या काळी कारागीर प्रत्येक चकती तिच्या कड्यात कानशीनं घासून बसवत आणि दोघांच्या पाठीवर एकच आकडा ठोकत. आकडा जुळला तर जोडी खरी, नाही तर 'लावलेली', आणि लावलेल्या जोडीला या धंद्यात कुत्रं विचारत नाही. आकडे मातीच्या खपलीखाली होते. पण जमिनीनं चढवलेला रंग काढायचा नाही, असा या लोकांचा नियम. एरवी नियमांना फारसं न विचारणाऱ्या या दोघांना हा नियम भलताच सोयीचा वाटला.

दर वसंतात अग्निशमन ठाण्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं. या टोकाला एमरीचं टेबल, त्यावर नुसती चकती. त्या टोकाला वेंडेलचं, त्यावर नुसतं कडं. "या दोघांना एका खड्ड्यात पुरलं तरी मधे रेघ मारतील," लोक म्हणायचे. एमरीला हसू येत नसे. मान न वळवता त्या टोकाचं टेबल बघायची कला त्यानं साधली होती. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, दुसरं काय?

गेल्या हिवाळ्यात वेंडेल वारला. एमरी अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि जेवणाला न थांबता निघून आला. घरी आल्यावर त्याला कळलं, आता या जगात आपल्यावर रागावलेलंसुद्धा कुणी उरलं नाही.

वसंतातल्या प्रदर्शनात वेंडेलची बायको आर्व्हेला थेट त्याच्या टेबलाशी आली. तपकिरीची जुनी डबी तिनं त्याच्यापुढे ठेवली.

"कडं आहे. आकडा जुळला तर एमरीला दे, म्हणून गेलाय."

"आणि नाही जुळला तर?"

"ते काही बोलला नाही."

एमरीनं कडं उलटं केलं. पाठ स्वच्छ होती. वेंडेलनं, बकलावरच्या मातीला हात न लावणाऱ्या वेंडेलनं, ती खरवडली होती. सात आकडा लख्ख दिसत होता.

"मागेच साफ केलं त्यानं," आर्व्हेला म्हणाली. "डबी खिशात घालून तुझ्याकडे निघाला होता. वळणावरून तुझी गाडी दारात दिसली, आणि फिरला माघारी. मी म्हटलं, अरे का? तर म्हणाला, नाही जुळला तर आमच्यात उरलं काय? भांडण आहे तोवर काहीतरी आहे."

एमरीनं डबीचं झाकण लावलं. त्याची चकती अजून खपलीखालीच का होती, हे त्याला आज कुणीतरी मोठ्यानं सांगितलं होतं.

घरी आल्यावरही त्याचा धीर होईना. डबी टेबलावर तशीच पडून राहिली. अखेर एका दुपारी त्यानं चकतीवर पाण्याचे थेंब टाकले आणि दात कोरायच्या काडीनं खपली सोडवायला घेतली. आधी दोन आला, मग त्याच्याशेजारी नऊ.

त्याला हसू फुटलं. हसत हसत तो समोरच्या खुर्चीकडे वळला, "अरे वेंडेल" म्हणायला. खुर्चीवर काचेची पेटी होती. ही गंमत कळणारा जगात एकच माणूस होता, आणि तोच नव्हता. एमरी टेबलावर डोकं टेकून रडला.

मग त्यानं फोन लावला. वेंडेलच्या घरचा नंबर बोटांना अजून पाठ होता.

"जुळला का रे?" आर्व्हेलानं विचारलं.

हो म्हटलं असतं तर कडं त्याचं झालं असतं, तिलाही बरं वाटलं असतं. पण बकलाबाबत तो उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता.

"नाही. तुमचं सात, माझं एकोणतीस."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं..."

"हो."

"गाढवं आहात."

"हो."

आर्व्हेला म्हणाली, "म्हणजे कडं तुझं नाही."

"नाही."

"मग ठेवून कसं घेतलंस? आणून दे परत. रविवारी, चर्च सुटल्यावर. हॅम आहे, बटरबीन्स आहेत. आणि एमरी, वळणावरून माघारी फिरू नकोस. ती खोड आमच्या घरात एकाला होती, तेवढी पुरे झाली."

रविवारला अजून अवकाश होता. एमरीनं डबी कोटाच्या खिशात आत्ताच ठेवून दिली.